चालतं फॉक्सप्रो फेकायचं, की जावाचा पूल बांधायचा?

सातपूरकर: नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात बिलं, जॉबकार्ड, स्टोअर सगळं वीस वर्षं फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चाललंय. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं झालं, तेव्हापासून अकाउंटंट काका रोज संध्याकाळी तीच बिलं पोर्टलवर पुन्हा हाताने टाकायचे. मालक म्हणाले, सगळं काढून क्लाउडवरचं ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घेऊ. मी विरोध केला. जुन्या फाइलींना हात न लावता मध्ये स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कवर एक छोटी सर्व्हिस बसवली. ती दर मिनिटाला नवी बिलं वाचते, रांगेत लावते, पाठवते आणि आयआरएन (पोर्टलने बिलाला दिलेला नोंदणी क्रमांक) आला की नोंद करते. नेट गेलं तर बिल रांगेत थांबतं, हरवत नाही. चालती सिस्टीम मोडू नका, असं माझं ठाम मत आहे.

गोदाकाठ: दादा, असा पूल तात्पुरता म्हणून बांधतात आणि तोच कायमचा होऊन बसतो. फॉक्सप्रोचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच संपला. कुठल्या गिऱ्हाइकाला कोणता रेट लागतो, हे काका सोडून कुणाला ठाऊक आहे? ते रिटायर झाले की काय करणार? तुमच्या पुलामुळे मालकाची निकडच संपली.

निफाडचा_कोडर: आणि जावाच का? २०१४ साली जावा ८ मधून जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज, म्हणजे जावाला इतर डेटाबेसशी जोडणारा दुवा, काढून टाकला, फॉक्सप्रोला जोडायची सोपी वाट तीच होती. पायथनने फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल चार ओळींत वाचता येते. शिवाय जानेवारी २०२३ पासून ऑरेकल जावाचं सबस्क्रिप्शन एकूण कर्मचाऱ्यांवर मोजतं. कारखान्याला ते परवडेल का?

सातपूरकर: आम्ही ओपनजेडीके या खुल्या जावाचं टेमुरिन वापरतो, त्याला पैसे पडत नाहीत. ब्रिज गेला हे खरं, म्हणून डीबीएफ वाचणारी जावा लायब्ररी घेतली. पण वाचणं हा सोपा भाग झाला. बिल पोर्टलवर नोंदलं गेलं आणि उत्तर येण्याआधी नेट तुटलं, तर? तोच नंबर पोर्टल दुसऱ्यांदा घेत नाही, आधीचा आयआरएन शोधून आणावा लागतो. माझे दोन महिने यातच गेले. पायथनमध्येही हे जमलं असतं, मान्य. पण मी गेल्यावर हे सांभाळणारा माणूस नाशकात मिळायला हवा, आणि इथल्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना जावा येते.

पिंपळगावकर: भाषेवरून वाद कशाला घालता, आधी डेटा बघा. एका कांदा आडतीचं काम मी केलं. शेतकऱ्यांची नावं युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये भरलेली होती. क्लाउडवर नेल्यावर नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं दिसायला लागली. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली होती, युनिकोडला ती नंतर लागते, आणि रफाराचं नेमकं उलटं. बदलाचा तक्ता बसवायला तीन आठवडे लागले, तरी काही नावं शेवटी माणूस बसवून तपासावी लागली. पैसे खात्यात टाकताना नाव जुळलं नाही तर शेतकऱ्याची पट्टी अडकते. पूल बांधा नाहीतर नवं ईआरपी घ्या, हे काम चुकत नाही.

गोदाकाठ: म्हणूनच म्हणते, पूल बांधलात तर दर महिन्याला एक तरी नियम फॉक्सप्रोतून बाहेर काढा.

सातपूरकर: हे पटलं, ताई. शनिवारपासून काकांसोबत बसून रेटचे नियम प्रोग्रामने आपोआप तपासता येतील अशा टेस्ट म्हणून लिहायला घेतो. पण मार्चअखेरच्या तोंडावर जुनं बंद करायला माझा अजूनही विरोध आहे.