लिनक्सच्या डिस्ट्रोने (वापरायला तयार अवताराने) मानकं पाळावीत की वेगळी चूल मांडावी?

सरळरेघ:
अल्पाइन या डिस्ट्रोवर बाहेरून उतरवलेली एक तयार बायनरी (थेट चालणारी प्रोग्रामची फाइल) चालवायला गेलो, तर म्हणे 'नॉट फाउंड'. फाइल डोळ्यांसमोर, परवानग्या ठीक! तासभर डोकं आपटल्यावर कळलं, सापडत नव्हता तो तिचा लोडर, म्हणजे तिला सुरू करून देणारा प्रोग्राम. बायनरी जीलिबसी या मूळ सी लायब्ररीवर बांधलेली, अल्पाइनमध्ये तिच्या जागी मसल ही वेगळी लायब्ररी. लिनक्स म्हणून मिरवायचं असेल तर सगळ्यांनी ठरवलेल्या गोष्टी पाळायलाच हव्यात, असं माझं स्पष्ट मत.

जुनाखोंड:
हा प्रयोग करून झालाय. लिनक्स स्टँडर्ड बेस (एलएसबी), म्हणजे डिस्ट्रोंसाठीचा सामाईक नियमसंच, २००१ मध्ये आला, २००६ मध्ये आयएसओ मानकही झाला. पॅकेजसाठी (सॉफ्टवेअर बसवायच्या गठ्ठ्यासाठी) आरपीएम हा साचा ठरवला, म्हणजे डेब हा दुसरा साचा वापरणाऱ्या डेबियन डिस्ट्रोला 'एलियन' नावाचा दुभाषा मध्ये घालावा लागला. २०१५ मध्ये डेबियनने त्यातलं बहुतेक सोडून दिलं. का? त्यावर विसंबून सॉफ्टवेअर देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके! दोन दशकं मी सर्व्हर सांभाळतोय, मला एकानेही 'एलएसबी आहे का' असं विचारलेलं नाही.

सरळरेघ:
एक मानक फसलं म्हणून सगळीच टाकाऊ? डेबियनने डिरेक्टऱ्यांची रचना ठरवणारं एफएचएस कुठे सोडलंय? सेटिंग /ईटीसीमध्ये, लॉग /व्हार/लॉगमध्ये, हे गृहीत धरूनच आपण कोणत्याही अनोळखी मशीनवर हात घालतो.

अर्धाकप:
आणि निक्सओएस ही डिस्ट्रो? तिथे पॅकेजं /निक्स/स्टोअरमध्ये, प्रत्येकाचा स्वतंत्र पत्ता. म्हणून एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या सुखाने नांदतात आणि अपडेट बिघडलं तर आधीच्या अवस्थेत परतता येतं. एफएचएस काटेकोर पाळलं असतं तर हे जमलं नसतं. तरी /बिन/एसएच आणि /युएसआर/बिन/एन्व्ह त्यांनी ठेवलंच, नाहीतर पहिल्या ओळीत हेच पत्ते लिहिलेल्या निम्म्या स्क्रिप्टा तिथेच आडव्या!

जुनाखोंड:
तेच तर. फेडोरा १७ ने २०१२ मध्ये /बिन उचलून /युएसआर/बिनमध्ये नेलं, पण जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) ठेवली. घर बदललं तरी जुन्या दारावर पाटी हवी. एवढी सभ्यता पुरे, शिक्क्याचं प्रमाणपत्र कशाला?

सरळरेघ:
पाटी लावायची हेही कुठेतरी लिहिलेलं लागतंच की! ते लिहिलं की मानकच झालं.

अर्धाकप:
@सरळरेघ, ती बायनरी अडलीच असेल तर अल्पाइनमध्ये 'जीकॉम्पॅट' (मसलवर जीलिबसीची उणीव भरून काढणारा थर) टाकून बघ. सगळंच चालेल याची हमी नाही.

सरळरेघ:
टाकलं. चालली एकदाची. मत तेच आहे.