कोंबडखत विष असेल, तर शेणखताची गाडी माझ्या दारात आणून ओता

कातळावरचा (राजापूर)

सकाळपासून चार ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. कुणा निसर्गप्रेमीने लिहिलंय की रासायनिक खतांनी कोकणची अर्धी माती मारली, उरलेली आता घाटावरून येणारं कोंबडखत मारणार. हे विष बागेत घेऊ नका, आजोबांसारखं शेणखत घाला. खाली हात जोडलेल्यांची ही रांग. त्यातले निम्मे तरी स्वतःच्या बागेत कोंबडखताच्या गोणी उतरवून घेतात हे मला माहीत आहे. नावं घेत नाही, आपलीच माणसं आहेत.

आता हिशोब करू. आंब्याच्या मोठ्या कलमाला ५० किलो शेणखत, ही दापोली कृषी विद्यापीठाची शिफारस सगळ्यांना तोंडपाठ. शंभर कलमं म्हणजे ५ टन. आणायचं कुठून? आमच्या वाडीत गोठे आहेत अजून. एकात स्कूटर असते, एकात चिरे रचलेत, आणि एकाला एसी लावून त्याचं होमस्टे झालंय. गव्हाणीच्या जागी बेसिन आहे, हात धुवायला जाऊन बघा.

शेणखतात नत्र (नायट्रोजन) अर्धा टक्का, स्फुरद (फॉस्फरस) ०.२, पालाश (पोटॅश) अर्धा. बऱ्यापैकी कोंबडखतात नत्र ३ टक्क्यांच्या आसपास, स्फुरद २.६, पालाश १.४. म्हणजे ५० किलो शेणखतातलं नत्र आठ-नऊ किलो कोंबडखतात येतं. कातळावर डोक्यावरून हारे वाहणाऱ्या बाईला विचारा ५० आणि ९ मध्ये काय फरक असतो ते.

शिवाय आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. सुपर फॉस्फेट टाकलं की त्यातला स्फुरद लोह-ॲल्युमिनिअम धरून बसतं, झाडाच्या वाट्याला थोडाच येतो. सेंद्रिय खतातून गेलेला त्यातल्या त्यात बरा लागू पडतो. आणि अंड्यांच्या कोंबड्यांना खाद्यातच शिंपले-चुनखडी देतात, त्यामुळे त्यांच्या खतात आम्लता कमी करणारा चुना असतो. आपल्या मातीला तो नको आहे का?

ताजं, गरम खत बुंध्यात ओतून कलम जाळणारे आहेत, नाही म्हणत नाही. त्यांच्या हातात युरिया दिला असता तरी त्यांनी जाळलंच असतं.

देवगड, तिसरी पिढी

टक्केवारी छान पाठ केलीत. आता बागेत या.

आमच्या बांधापलीकडच्या बागेत ऑक्टोबरात कोंबडखत पडलं. पाऊस संपला, जमिनीत ओल होती, झाडं खूश. नोव्हेंबरात आमच्याकडे मोहोर फुटायला लागला आणि त्यांच्याकडे तांबडी लुसलुशीत पालवी! लांबून बघणाऱ्याला वाटावं काय बाग फुललीय. त्या पालवीवर तुडतुडा असा माजला की फांदी हलवली की तोंडावर उडायचा. फवारण्या त्यांनी केल्या त्या केल्याच, आम्हालाही दोन जादा कराव्या लागल्या. हा खर्च तुमच्या हिशोबात कुठल्या रकान्यात येतो?

आणि ५० किलोच्या जागी ९ किलो हे गणित फक्त नत्राचं आहे. शेणखत आम्ही नत्रासाठी घालतो का? कातळावर सुरुंग लावून खड्डे मारलेत, त्यात जी वीतभर माती आहे ती धरून ठेवायला, एप्रिलात ओल टिकवायला घालतो. ९ किलोने काय ओल धरणार?

वर आंब्यात साका, म्हणजे आतला गर पांढरट-आंबट राहणं, वाढतो तो वेगळाच.

कातळावरचा (राजापूर)

साका? पोल्ट्री हा शब्द कोकणात कुणी ऐकला नव्हता तेव्हाही हापूसमध्ये साका होता. फळ पूर्ण पिकेपर्यंत झाडावर ठेवा, खाली कातळ तापलेला ठेवा, काढल्यावर उन्हात टाका, साका येणारच. चौदा आणे तयारीचा, म्हणजे पूर्ण पिकायच्या थोडा आधी आंबा काढा, झाडाखाली पाल्याचं आच्छादन ठेवा, कमी होईल. हे मी नाही, विद्यापीठवाले कित्येक वर्षं घसा फोडून सांगतायत. दर वाईट गोष्ट कोंबडीच्या नावावर टाकू नका.

ऑक्टोबरात नत्र द्यायचं नसतं, हे मात्र बरोबर. तुमच्या शेजाऱ्याने खत चुकीचं नाही, महिना चुकीचा निवडला.

वानरांचा त्रासलेला

शेणखत घाला, कोंबडखत घाला, सोनखत घाला. शेवटी खाणार वानरच. आधी त्यांचं काय ते बोला.

संगमेश्वरची सून

तुम्ही सगळे पुरुष बागेतून बोलताय. मी स्वयंपाकघरातून बोलते.

आमच्या घरामागे बागेच्या कडेला एक महाशय खताचा ढीग टाकून मुंबईला गेले. उघडा ढीग, वर वळवाचा शिडकावा. आठवड्याभरात माश्या. भाताचं भांडं उघडलं की कडेने काळी ओळ बसायची. लहान मुलाला पंख्याखाली मच्छरदाणीत बसवून भरवत होते. चिकटकागद टांगले ते संध्याकाळपर्यंत काळे, नवे आणायचे किती? पाहुणे दारातून परत गेले. फोन केला तर म्हणतात, "वहिनी, ऑरगॅनिक आहे ते." ग्रामसभेत विषय मांडला तर पुरुषमंडळी हसली.

स्फुरद किती टक्के ते तुम्ही बघा. ज्यांना कोंबडखत हवं त्यांनी आपल्या माश्याही घरी न्याव्यात.

आचऱ्याचो आबा

कातळावरच्यानू, हिशोब बरो मांडलास. पण लोक ह्या खत घालतत कधी ता बघलास? मिरगाच्या तोंडार. टेंपो इलो की बांदार ढीग, आणि वर पाऊस. पयल्या दोन सरींत अर्धा व्हाळाक, अर्धा बायत (विहिरीत). जांभो म्हणजे चाळण, वर काय ओतशात ता खाली बायत उतारतला. गेल्या पावसात आमच्या बायच्या पाण्याक वास येवक लागलो, शेजाऱ्यान मानूक तयार नाय. "आबा, तुमचा नाक म्हातारा झाला" म्हणता. नाक म्हातारा झाला म्हणान वास कमी येतलो की जास्त?

घाटमाथ्यावरून

आमच्याकडे डाळिंबाला, उसाला वर्षानुवर्षं कोंबडखत चालतंय. तुम्ही कोकणी लोक प्रत्येक गोष्टीची भीती बाळगता. एकरी ट्रॉलीभर टाका आणि पाणी सोडा, विषय संपला.

देवगड, तिसरी पिढी

दादा, तुमच्याकडे ५०० मिलिमीटर पडला तर पेढे वाटता. इथे ३००० च्या वर पडतो, तोही चार महिन्यांत. पाणी सोडायला सांगताय! तुमची काळी माती खत धरून ठेवते, आमची सोडून देते. आबा तेच सांगतायत.

गावातलाच (लांजा)

मूळ दुखणं कुणी बोलत नाही. शेणखत नाही कारण गुरं नाहीत. गुरं नाहीत कारण घरात माणूस नाही. ज्यांनी ती पोस्ट लिहिली ते नक्की दादर नाहीतर ठाण्यात बसलेत. आजोबांच्या शेणखताची आठवण येते, आजोबांबरोबर गोठा साफ करायला कोण थांबलं होतं? मे महिन्यात यायचं, आंब्याच्या पेट्या भरायच्या, गणपतीत यायचं, माटवी बांधायची, आणि जाताना "गाव बदललं" म्हणून उसासे टाकायचे.

चाकरमानी आणि अभिमान आहे

आलंच चाकरमान्यावर. कोंबडीवर चर्चा होती ना? तुमच्या घराचं छप्पर, बोअरवेल, देवळाचा जीर्णोद्धार मनिऑर्डरवर झालाय हे विसरू नका. आणि गावात राहिलेल्यांनी काय केलं? दूध पिशवीचं घेता, तेही घाटावरून आलेलं. माझ्या काकांनी तीन बैल विकले ते मला विचारून नाही विकले. पॉवर टिलर घेतला, अनुदानात.

गावातलाच (लांजा)

विकले म्हणून सुटले. २०१५ ला गोवंश हत्याबंदीचा कायदा आला, त्यानंतर म्हातारा बैल घेणार कोण? दावणीला बांधून पेंढा घालायचा मरेपर्यंत, नाहीतर रात्री दावं सोडून द्यायचं. महामार्गावर बसलेली गुरं कुठून आली वाटतं तुम्हाला?

चाकरमानी आणि अभिमान आहे

म्हणजे दावं सोडणारे गावातलेच. मान्य केलंत, आभारी आहे.

देवगड, तिसरी पिढी

कायद्यावर ढकलू नका. आमच्याकडचे गोठे त्याच्या कितीतरी आधी रिकामे झाले. चरायच्या वरकस जमिनीवर काजू लागला, उरलेल्या गवताला दर वर्षी वणवा. गुरं खाणार काय?

कातळावरचा (राजापूर)

आणि आपली गावठी गाय, जिची आता कोकण कपिला म्हणून जातीत नोंद झाली, ती अंगाने एवढीशी. गुणी आहे, डोंगर चढते, पावसात टिकते, पण दूध आणि शेण दोन्ही बेताचं. तिच्या जिवावर ५ टन जमवायला अर्ध्या गावाचं गोठण लागेल. मी हेच पहिल्यापासून सांगतोय!

गावातलाच (लांजा)

अर्ध्या गावाचं गोठण होतंच की. तेच तर म्हणतोय. तुम्ही तोडग्यावर बोलताय, मी दुखण्यावर.

सेंद्रिय पेटीवाला (गुहागर)

एक गोष्ट राहतेय. "ऑरगॅनिक हापूस" म्हणून पेटीवर छापणाऱ्यांनी जपून. युरोपच्या सेंद्रिय नियमांत कारखानी पोल्ट्रीचं खत चालत नाही. प्रमाणपत्रवाला विचारतो, खत कुठल्या शेडमधून आलं. त्या शेडमध्ये कोंबड्यांना औषधं काय दिली ते तुम्हाला माहीत आहे का? आणि शेडमधलं कच्चं खत माठात, मुळ्यात, कोथिंबिरीत घालणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. साल्मोनेला धुऊन जातोच असं नाही.

कातळावरचा (राजापूर)

कच्चं खत पालेभाजीला घालायचं नाही, मी कधी म्हटलं घाला? सगळे माझ्या तोंडी न बोललेलं घालून मग त्याला उत्तर देतायत.

ज्यांना भांडायचं नसून करायचं आहे त्यांच्यासाठी लिहितो. खत हिवाळ्यात आणा, मे महिन्यात नाही. कोंबडखतात नत्र फार आणि कर्ब कमी, त्याला सुका कर्ब द्यावा लागतो: आंब्याचा पाला, भाताचा पेंढा, काथ्याचा भुसा, जे पडलंय ते. ब्रॉयलरच्या शेडमधलं असेल तर त्यात तूस आधीच असतं, तरी पाला लागतोच. थर देत जा, पाणी शिंपडा, हातात दाबलं तर थेंब गळू नये इतपत ओल. ढीग दोन-तीन दिवसांत तापतो, मध्ये ५५-६० अंशांपर्यंत जातो, त्यात अळ्या आणि जंतू बहुतेक मरतात. कडेचं थंड राहतं, म्हणून उलटवायचा, कडेचं आत. वरून माती आणि ताडपत्री. उघडं ठेवलंत तर महिन्याभरात निम्म्यापर्यंत नत्र अमोनिया होऊन उडतं, म्हणजे पैसे तुमचे आणि वास शेजाऱ्यांचा. डोळ्यांना झोंबायचं थांबलं, ढिगात हात घातला तर गरम लागत नाही, मातीचा वास येतो, मग ते खत. पावसाच्या सुरुवातीला फांद्यांच्या घेराखाली चर खणून घाला आणि माती ओढा. बुंध्याला नाही.

आबा, बांधावर उघडा ढीग नको हे तुमचं म्हणणं कबूल. स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?

आचऱ्याचो आबा

स्टॅम्पपेपर नको. बायचा पाणी घेवन येतय, एक तांब्यो पी, मगे सही कर.

देवगड, तिसरी पिढी

हे एवढं सगळं कोण करतो? दहातला एक. बाकीचे गोणी फोडतात, बुंध्यात ओततात, आणि फोटो टाकतात "सेंद्रियकडे वाटचाल". तुमचं खत चांगलं असेल. मी जे बघतो ते तुमचं खत नाही.

तरी पाल्यात कुजवून घातलेलं ओल धरेल, एवढं म्हणायला माझी जीभ झिजणार नाही. अर्धं शेणखत, अर्धं हे. पूर्ण कोंबडखतावर बाग मी नाही सोडणार, आणि माझ्या बांधाला लागून कुणी ऑक्टोबरात टाकलं तर मी कडाक्याचा भांडणार.

माडाच्या सावलीत (वेंगुर्ले)

आणि शेणखतवाल्यांनी एवढं पवित्र होऊ नये. शेणाच्या उकिरड्यातच गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि आमच्या माडाचा कोंब खातो. न कुजलेलं कुठलंही खत आणलंत तर हुमणी, वाळवी बरोबर येते. कोंबडी काय, गाय काय, भुंगा जात बघत नाही.

संगमेश्वरची सून

ताडपत्रीचं वाचलं. छान आहे. आता ते त्या महाशयांच्या गळ्यात कोण बांधणार? मी मजकूर छापून त्यांच्या गेटला चिकटवलाय. चिकटकागदावरच चिकटवला, घरात बरेच आहेत.

नवीन बागवाला (मंडणगड)

चर्चा फार माहितीपूर्ण. चांगलं कोंबडखत कुठे मिळेल, टेम्पोवाल्याचा नंबर कुणी देईल का?

कातळावरचा (राजापूर)

नंबर इथे नको, निरोपात पाठवतो. आधी पाला किती जमलाय ते सांगा. पाला जाळला असेल तर खत मागवू नका.

गावातलाच (लांजा)

गुरांचा विषय सोयीस्करपणे गुंडाळलात.

चाकरमानी आणि अभिमान आहे

मी मे महिन्यात येतोय, समोरासमोर बोलू. येताना तुमच्यासाठी गाय आणू का?