मदत हवी आहे: माहितीपत्रकात सगळंच ओरडतंय, पान शांत कसं करू?

नमस्कार मंडळी,

डिझाइनचं शिक्षण शून्य. फोटोग्राफीच्या कार्यशाळेचं एका पानाचं माहितीपत्रक (ए४, उभं) करायचं काम अंगावर आलंय. कार्यशाळेचं नाव, तारीख-वेळ, चार सत्रांची ओळख, नोंदणीची ओळ आणि दोन फोटो, एवढाच ऐवज.

माझे आतापर्यंतचे प्रताप: नाव मोठं, ठळक, लाल केलं. तारीखही महत्त्वाची, म्हणून तीही ठळक. मग नोंदणीची ओळ हरवली, म्हणून तिला पिवळी चौकट आणि आत पांढरी अक्षरं. आता चौकट तेवढी दिसते, ओळ वाचता येत नाही. सत्रांच्या मथळ्यांना वर-खाली अगदी मोजून सारखी जागा सोडली आहे. मजकूर सगळा मधोमध, कारण डावीकडून लावला की उजवी कड वेडीवाकडी होते आणि दोन्हीकडून सरळ केला की शब्दांमध्ये भगदाडं पडतात.

वर एक चमत्कारिक प्रकार. नाव ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषाच तुटली!

अलाइनमेंट (कडा जुळवणं), कॉन्ट्रास्ट (ठळक फरक), प्रॉक्सिमिटी (जवळीक) ही नावं वाचून पाठ झालीत. पण पान समोर उघडल्यावर पहिला हात कशाला घालायचा? फाँट, रंग की जागा?

प्रतिसाद १
जागेला. रंग काढून टाका, सगळा मजकूर एकाच फाँटमध्ये, ११ पॉइंटात, डावीकडून लावा. उजवी कड वेडीवाकडी राहू दे. डोळा पुढच्या ओळीची सुरुवात शोधत येतो, ती एका रेषेत असली म्हणजे झालं.

खरी गोम तुमच्या त्या ‘मोजून सारख्या’ जागेत आहे. मथळा वरच्या परिच्छेदाचा की खालच्या, हे वाचणाऱ्याला कळायला हवं. वर १८ पॉइंट सोडा, खाली ६. जवळच्या गोष्टी डोळा आपसूक एकत्र बांधतो; वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ सालीच हे मांडलंय. एवढं जमलं की चौकटीची गरज बहुतेक उरणार नाही.

मग आकार. नाव ३२, मथळे १४ ठळक, मजकूर ११. मधले आकार नकोत. तारीख ठळक हवी असेल तर नाव साध्या वजनात (अक्षरांच्या नेहमीच्या जाडीत) ठेवा, ३२ पॉइंटात ते तसंही दिसणारच.

प्रतिसाद २
देवनागरीपुरतं: अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, शिरोरेषा जोडलेली राहते. ओळींमधलं अंतर मात्र दीडपट करून बघा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर आदळतात. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे उठाव द्यायला मुख्यतः आकार आणि वजन. तिरप्या अक्षरांच्या नादी लागू नका.

पिवळ्यावर पांढरं कधीच नको. वेबसाइटसाठीच्या सुगम्यता निकषांत (कमी दिसणाऱ्यांनाही वाचता यावं म्हणून केलेल्या) साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट मागतात, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर. तुमची जोडी त्याच्या जवळपासही जात नाही.

धागाकर्ता
१८-६ करून बघितलं. चौकट काढली तरी नोंदणीची ओळ दिसतेय! आता फक्त फोटो छळतायत: एक उभा, एक आडवा, कडा कुठेच जुळत नाहीत.

प्रतिसाद १
दोन्ही एकाच मापात कापा आणि डावी कड मजकुराच्या कडेला टेकवा. कापताना बिघडत असेल तर एकच फोटो ठेवा, मोठा.