अनुभव धागा : नागपुरातल्या संगणक बैठका आणि सॉफ्टवेअरची प्रात्यक्षिकं – काय लागतं, कुठे अडतं

बैठक भरवणारे, पडद्यासमोर उभं राहून दाखवणारे आणि मागे थांबून वायरी सांभाळणारे, अशा सगळ्यांसाठी हा धागा आहे. आपण किती वर्षं यात आहोत, किती गर्दी जमली, हे बाजूला ठेवू. उद्या नवा माणूस बैठक घ्यायला उभा राहिला तर त्याच्या हाती देता येईल असं लिहा: काय आणायचं, किती, कोणत्या क्रमाने, आणि गाडं कुठे अडतं. नागपूरचं ऊन, वीज आणि रस्ते धरून लिहा, कारण बाहेरच्या तयार याद्यांत नेमकं तेच नसतं. नोंदीच्या वर आपल्या नावाऐवजी वस्तीचं नाव घाला.

सुरुवात तारखेपासून करू. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्सकडे बैठक ठेवू नका. मोर्चांमुळे रस्ते वळवतात आणि बरे हॉल आधीच गेलेले असतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या दोन-तीन दिवसांत रहाटे कॉलनी, लक्ष्मीनगर, बजाजनगर हा भाग टाळावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत (पुतळ्यांची मिरवणूक) निघते, म्हणजे महाल-इतवारीत गाडी शिरणारच नाही. मे महिन्यात दुपारची बैठक नकोच. सकाळी 8 ते 10 किंवा संध्याकाळी 6 नंतर. जागा मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याजोगी असली की खापरीकडून ऑरेंज लाइनने आणि हिंगणा रोडकडून ॲक्वा लाइनने येणाऱ्यांची बर्डीला (सीताबर्डी) गाडी बदलून सोय होते. वक्ता मिहानमध्ये (विमानतळाजवळचा उद्योग-आयटी पट्टा) नोकरीला असेल तर कामाच्या दिवसाची संध्याकाळ मागू नका, रविवार सकाळ मागा.

मानेवाडा (विजेचं काम)

हॉल बघायला जाताना खिशात टेस्टर आणि सोबत एक टेबल लॅम्प न्या. प्रत्येक सॉकेटमध्ये दिवा लावून बघा. भिंतीवर दिसणाऱ्या आठ सॉकेटपैकी तीन बंद निघणं ही रोजची गोष्ट आहे.

मग हिशेब. साध्या लॅपटॉपचा चार्जर 65 वॅटचा धरा. 6 अँपिअरच्या सॉकेटवरून 230 व्होल्टला जास्तीत जास्त 1380 वॅट ओढता येतात. म्हणजे कागदावर 21 लॅपटॉप बसतात, पण 12च्या वर एका एक्स्टेंशनवर देऊ नका. सुरुवातीला सगळ्यांच्या बॅटऱ्या रिकाम्या असतात, सगळे चार्जर एकदम पूर्ण ताकदीने ओढतात, आणि स्वस्त एक्स्टेंशनची वायर बारीक असल्याने प्लगपाशी तापते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमटपेक्षा गरम लागला की चार लॅपटॉप तिथून काढा. एकात एक एक्स्टेंशन खोचून माळ करायची नाही.

जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण अर्थिंग जोडलेलं नसतं. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात, स्पीकरमध्ये घुंऽऽ असा आवाज राहतो. तात्पुरता उपाय म्हणजे बोलणाऱ्याचा लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा, आवाज जागीच थांबतो. खरा उपाय इलेक्ट्रिशियनचाच.

यूपीएस (वीज गेल्यावर काही मिनिटं पुरवणारी बॅटरी) प्रोजेक्टरला लावा, लॅपटॉपला नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली तर पंखा थांबतो, आत उष्णता कोंडते, दिव्याचं आयुष्य घटतं आणि तो गार होईस्तोवर परत लागत नाही. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॅट पेलतो, प्रोजेक्टर 250 ते 300 वॅट घेतो. काही मिनिटं मिळतात, नीट बंद करायला तेवढी पुरतात. मात्र त्याच यूपीएसवर लेझर प्रिंटर लावला की दोन्ही बसले.

धरमपेठ (पडदा आणि आवाज)

कूलरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून आधी तेच. मे महिन्यात कूलरशिवाय हॉलमध्ये बसवत नाही, पण डेझर्ट कूलरच्या घरघरीत तिसऱ्या रांगेला शब्द कळत नाही. पडद्याचं कापड हलतं, त्यावरची अक्षरं लहरतात. कूलर श्रोत्यांच्या मागे, खिडकीत ठेवा, समोरची दारं उघडी ठेवा म्हणजे हवा वाहते. बैठकीच्या आधी तासभर पूर्ण वेगात चालवून हॉल गार करून घ्या आणि बोलणं सुरू झालं की वेग कमी करा. कूलरच्या झोतासमोर लॅपटॉपचं टेबल नको, तुषार थेट कीबोर्डवर येतात. जुलैत दमट हवेत कूलर काही कामाचा नाही, तेव्हा नुसते पंखे.

प्रोजेक्टर 3000 ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) खालचा घेऊ नका, नाहीतर खिडक्यांचे पडदे ओढून अंधार करावा लागतो आणि लोकांना वहीत लिहिता येत नाही. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावी. पडदा दीड मीटर उंच असेल तर नऊ मीटर. त्यापलीकडे मेनूतली अक्षरं वाचता येत नाहीत.

जोडणीला एचडीएमआयची 10 मीटर केबल, एचडीएमआय ते व्हीजीए अडॅप्टर (जुने प्रोजेक्टर अजून पुष्कळ आहेत), आणि टाइप-सी ते एचडीएमआय. टाइप-सीचं भोक दिसलं म्हणून चित्र येईलच असं नाही. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये त्यातून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो. आदल्या दिवशी वक्त्याच्याच लॅपटॉपवर करून बघा. चित्र आलं नाही तर आधी प्रोजेक्टर चालू करा, मग केबल लावा, मग लॅपटॉप सुरू करा. जुन्या प्रोजेक्टरची माहिती लॅपटॉपला या क्रमानेच नीट मिळते. तरीही अडलं तर रिझोल्यूशन 1024 बाय 768 वर आणा.

बजाजनगर (मराठी टंकलेखनाचं प्रात्यक्षिक)

कार्यालयीन मंडळींची, शिक्षकांची सगळ्यांत जास्त मागणी याच विषयाला असते आणि तो वरवर उरकला जातो. «युनिकोड म्हणजे काय» (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) यावर पाऊण तास बोलू नका. एक कागद घ्या आणि तो अथपासून इतिपर्यंत करून दाखवा.

पहिली पाच मिनिटं दुखणं दाखवा. जुन्या फॉन्टमधली फाइल उघडा, अक्षरं मराठी दिसतात. मजकूर निवडून फॉन्ट बदला, सगळं रोमन अक्षरांचं कडबोळं होतं. फाइलमध्ये मराठी कधी नव्हतंच, रोमन अक्षरांवर मराठी मुखवटा होता, हे लोकांच्या क्षणात ध्यानात येतं. शोध का लागत नाही, नावांची यादी अकारविल्हे का लागत नाही, याचं उत्तर तेच.

मग विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, विंडोज कळ आणि स्पेसबार दाबून भाषा बदला, इनस्क्रिप्ट (मराठी कळफलकाची मांडणी) निवडा. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, एवढंच सांगून थेट एका शब्दावर या: आचाऱ्यांनी. बहुतेक जण र, हलन्त, य असं टाइप करतात आणि पडद्यावर येतं आचार्यांनी. स्वयंपाक करणारे गेले, गुरुजी आले! ऱ साठी शिफ्ट धरून जे, मग डी म्हणजे हलन्त, मग प्रश्नचिन्हाच्या कळीवरचा य. हे तीन ठोके सगळ्यांकडून पाच-पाच वेळा करून घ्या. दुसऱ्या, शेतकऱ्यांना, नोकऱ्या: कार्यालयातल्या कागदात हे शब्द ओळीओळीला येतात. ळ शिफ्ट आणि एनवर आहे, तोही इथेच घ्या.

दुसरी जागा ॲ. हे एकसंध अक्षर युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत, 2008 साली आलं. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र देत, आणि आजही कित्येक फाइलींत तसंच आहे. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. «ॲप» शोधलं तर अर्धचंद्रवाला सापडत नाही. एकाच फाइलमध्ये दोन्ही तऱ्हेने लिहून शोध चालवून दाखवा आणि मग शोधा-बदलाने एकसारखे करा. या दहा मिनिटांना लोक वही उघडतात.

शेवटी एक्सेल. मराठी नावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साध्या मजकुराची यादी) फाइल दोनदा टिचकी मारून उघडली की बऱ्याचदा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. रिकामं एक्सेल उघडा, डेटामधून मजकूर किंवा सीएसव्ही आणा, आणि 65001 युनिकोड यूटीएफ-8 निवडा. नावं जशीच्या तशी येतात.

त्रिमूर्तीनगर

वरच्यात एक भर. सरावासाठी प्रत्येकाच्या हाती इनस्क्रिप्टचा छापील तक्ता हवाच, ए-4 कागदावर, अक्षरं ठळक. पडद्यावरचा तक्ता कामाचा नाही. लोक पडद्याकडे बघतात तोवर बोट कुठे होतं ते विसरतात.

गोपालनगर (लिनक्स बसवून देण्याची बैठक)

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10ची नेहमीची मदत संपली. टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) नसल्यामुळे ज्यांना विंडोज 11 अधिकृतपणे घेता येत नाही असे धडधाकट लॅपटॉप लोक घेऊन येतात. त्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) बसवायच्या उत्साहात पेनड्राइव्ह खोचायच्या आधी पुढचं करा.

यंत्र कुणाचंही असो, बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतलेला आणि उघडून बघितलेला असल्याशिवाय हात लावायचा नाही. मालकाने «नाही काही महत्त्वाचं» म्हटलं तरी फोटोंचा फोल्डर उघडून त्याच्यासमोर विचारा.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स हवं असेल तर डिस्क कूटबद्ध (विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद) आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर मालकाला ठाऊक नसताना ते चालू असतं. अशा यंत्रावर सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त मान्य सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बंद केलं की विंडोज 48 अंकी बिटलॉकर की मागतं. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण पासवर्ड घरी मुलाला माहीत असतो आणि बैठक तिथेच थांबते. की आधी कागदावर उतरवून घ्या, मग पुढे चला. फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता डिस्क धरून बसतं आणि लिनक्समधून ते विभाग फक्त वाचता येतात. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायच्या सोयी) बहुधा चालू असतं. तिथे लगेच ते बदलू नका, बदलल्यावर विंडोज उठत नाही. अशी यंत्रं बाजूला ठेवून जाणकाराकडे द्या.

पेनड्राइव्ह 16 जीबीचा बरा. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार, म्हणजे डिस्ट्रो) 24.04ची फाइल 4 जीबीपेक्षा मोठी आहे आणि फॅट-32 (पेनड्राइव्हवर फाइली मांडायची जुनी पद्धत) त्याहून मोठी फाइल घेत नाही. व्हेंटॉय या साधनाने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर ही अडचण येत नाही, शिवाय एकावर चार-पाच डिस्ट्रो राहतात. डाउनलोड झाल्यावर चेकसम (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलच्या मध्येच दगा देते आणि दोष पेनड्राइव्हवर जातो. मदतनीस एकाने चार यंत्रं, त्याहून जास्त नाही.

सदर (नेटवर्क)

हॉलच्या वाय-फायवर विसंबून बैठक आखू नका. मोबाइल हॉटस्पॉटवर आठ-दहा जणांच्या पुढे गाडी जात नाही. सगळ्यांना 200 एमबीची फाइल द्यायची तर 30 माणसांचे 6 जीबी झाले. त्यापेक्षा एक साधा राउटर इंटरनेटशिवाय लावा, एका लॅपटॉपवर फाइल ठेवून ब्राउझरमधून घ्यायला सांगा. पत्ता फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. राउटर दिसतो पण फाइल येत नाही असं झालं तर आधी राउटरमधलं क्लायंट आयसोलेशन बघा, ते चालू असलं की जोडलेली यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत. दुसरं कारण वाटणाऱ्या लॅपटॉपची फायरवॉल.

इतवारी (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक)

खऱ्या गिऱ्हाइकाची वही पडद्यावर आणू नका, इथे सगळे एकमेकांना ओळखतात. आदल्या दिवशी खोटी पेढी बनवा: पाच ग्राहक, पाच पुरवठादार, वीस नोंदी. त्यात एक परत आलेला माल आणि एक चुकीची तारीख मुद्दाम घाला. व्यापारी तेच विचारतो, «चुकलं तर दुरुस्त कसं करायचं?» सरळ बिल कसं करायचं हे तो व्हिडिओवर बघून आलेला असतो. आणि बॅकअप घेऊन दाखवणं अर्धंच काम आहे. पेढी पुसून टाका आणि सगळ्यांसमोर बॅकअपमधून परत आणा.

रामदासपेठ

ज्येष्ठांसाठी मोबाइलचं प्रात्यक्षिक करताना फोन पडद्यावर जोडण्याआधी सूचना बंद करा, कारण ओटीपी सगळ्या हॉलला दिसतो. बँकेचं ॲप दाखवायला गेलात तर पडदा बहुधा काळा होईल. बिघाड समजू नका, पडद्याचं चित्र कुणी उचलू नये म्हणून ते तसंच बनवतात. बँकेच्या पायऱ्या कागदावर छापून न्या. फसवणुकीची तक्रार करायचा 1930 हा क्रमांक तिथल्या तिथे प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवून घ्या, नाव «सायबर तक्रार» असं मराठीत, म्हणजे घाबरलेल्या वेळी सापडतो.

धंतोली (प्रात्यक्षिक करणाऱ्यांसाठी)

20 एप्रिल 1998ला शिकागोच्या कॉम्डेक्स या संगणक प्रदर्शनात विंडोज 98 दाखवताना स्टेजवर स्कॅनर जोडला आणि निळा पडदा आला, बाजूला बिल गेट्स उभे. लोकांसमोर नवं यंत्र पहिल्यांदा जोडायचं नाही हा धडा आजही तसाच लागू आहे. उलट 9 डिसेंबर 1968चं संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांचं प्रात्यक्षिक बघा: माणूस सॅन फ्रान्सिस्कोत, संगणक मेनलो पार्कला, मध्ये मायक्रोवेव्हचा दुवा, आणि 90 मिनिटं माउस, दुवे, एकत्र संपादन सगळं चाललं. दोन्ही टोकांना माणसं तयारीत बसवली होती.

आपल्या बैठकीत एवढं करा. सगळं दाखवणं आदल्या दिवशी पडद्यासकट चित्रित करून पेनड्राइव्हवर ठेवा. जिवंत प्रयोग अडला तर दोन मिनिटं प्रयत्न करा, तिसऱ्या मिनिटाला चित्रफीत लावा आणि का अडलं ते चहाच्या वेळी शोधा. अपडेट आदल्या आठवड्यात करून घ्या, सकाळी नाही. अक्षरं 24 पॉइंटच्या वर.

मानेवाडा (परत)

एक राहिलं. चहा-पोह्यांचं टेबल वायरींच्या बाजूला लावू नका. तर्रीची वाटी एक्स्टेंशनवर उलटली की लाल तेल सॉकेटच्या भोकांत उतरतं, पुसून जात नाही, ते एक्स्टेंशन फेकावंच लागतं. पोहे बाहेर व्हरांड्यात, बैठक संपल्यावर नको, मध्यंतरात ठेवा. ज्यांचं इन्स्टॉलेशन अर्धवट असतं ते तेवढ्या वेळात आत थांबतात, आणि मदतनिसांना त्यांच्याजवळ बसायला वीस मिनिटं मिळतात.