सेनेका: राग अडवायचा नेमका कुठे?

तापीकाठ (रावेर):
रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या मते राग हा बुद्धीचाच चुकीचा निर्णय. मग ऐन कटाईला व्यापाऱ्याने केळीचा भाव पाडला की कानशिलं तापतात, तोही निर्णयच का? ते तर आपोआप होतं.

अमळनेरकर:
नाही भाऊ, तो अजून राग नव्हेच. ‘दे इरा’ या त्याच्या रागावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात रागाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिला धक्का अनैच्छिक असतो. तो विवेकाला थांबवता येत नाही. दुसऱ्या पायरीवर ‘माझ्यावर अन्याय झाला, शिक्षा व्हायलाच हवी’ याला मन संमती देतं. तिसरीत योग्य-अयोग्य काही उरत नाही, सूडच हवा असतो. काम करायचं ते दुसरीवर. बहुतेक जण पहिलीच दाबायला जातात आणि फसतात.

धुळे वाचक:
सहमत. आणि उपाय त्याने स्पष्ट दिलाय: विलंब. लगेच उत्तर देऊ नका. ‘भाव कमी सांगितला’ ही घटना. ‘मला मुद्दाम नाडलं’ हा आपण जोडलेला अर्थ. तो तपासा. खरंच नाडलं असेल तर सौदा नाकारा, हिशोब मागा. त्यासाठी राग लागत नाही. माफक राग उपयोगी असतो म्हणणाऱ्या ॲरिस्टॉटलपंथीयांशी सेनेका याच मुद्द्यावर भांडतो, आणि मला तो पटतो.

तापीकाठ (रावेर):
पण संमती देऊन बसलो तर?

अमळनेरकर:
तिसऱ्या भागात आहे ते. चेहरा सैल करा, आवाज खाली आणा, चाल सावकाश ठेवा. बाहेरचं बदललं की आतलंही हळूहळू त्याच्या मागे येतं, असं तो सांगतो.