मदत हवी आहे: बाबांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलंय, २३ वर्षं क्रोम प्लेटिंगचं काम

कुर्लेकरीण:

नमस्कार मंडळी. बाबा ५४ वर्षांचे आहेत. साकीनाक्याच्या एका गाळ्यात २३ वर्षं प्लेटिंग, म्हणजे विजेने धातूचा मुलामा चढवायचं काम करतात, त्यातली शेवटची १५ हार्ड क्रोमच्या, म्हणजे जाड क्रोम चढवायच्या टाकीवर. गेले काही महिने ते रात्री झोपले की नाकातून बारीक शिट्टी वाजते. आई म्हणायची, सर्दी असेल. पण सकाळी नाकातून रक्ताच्या काळपट खपल्या निघायला लागल्या, तेव्हा मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डाव्या नाकपुडीत टॉर्च धरला आणि मला म्हणाले, आता उजवीकडून बघ. उजेड आरपार येत होता.

मला रडू आवरेना. बाबा मात्र शांत. म्हणाले, "अगं, या लाइनीत सगळ्यांनाच होतं. आमच्या उस्तादांनाही होतं."

बोटांच्या पेरांवर मसुराएवढे गोल खड्डे आहेत. कडा उंच, मध्ये खोल. दुखत नाहीत, म्हणून ते तिकडे बघतही नाहीत. गाळ्यात एक्झॉस्ट फॅन आहे, पण तो वर भिंतीत, टाकीपासून लांब. हातमोजे फाटले की नवे मिळेपर्यंत महिना जातो. तोंडाला साधा रुमाल. बनियनवर पिवळे शिंतोडे घेऊन घरी येतात आणि ते कपडे माझ्या दीड वर्षाच्या भाचीच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजतात. हे मला परवा पहिल्यांदा खटकलं, इतकी वर्षं कसं खटकलं नाही कोण जाणे.

हे भोक भरतं का? पुढे कॅन्सरची भीती किती? कुठल्या तपासण्या करून घ्यायच्या? आणि शेठकडे काही मागितलं तर काम जाईल, या भीतीचं काय करायचं? आमच्या चाळीच्या बोअरचं पाणीही हल्ली पिवळसर दिसतं. प्यायला पालिकेचंच पाणी आहे, पण भांडी-कपडे बोअरवर होतात. त्याचा याच्याशी संबंध असू शकतो का?

नाकघसा:

ताई, मी कान-नाक-घसा डॉक्टर आहे. गेलेला पडदा आपोआप भरून येत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि मलम यांनी खपल्या व रक्त कमी होतं. भोक बुजवायला सिलिकॉनचं बटण बसवता येतं, शस्त्रक्रियाही होते, पण टाकीवरचं काम चालू असेपर्यंत शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. शिट्टी लहान भोकाची असते. ती थांबली तर बरं वाटलं असं समजू नका, भोक मोठं झालं की शिट्टी बंद होते.

या भोकाचा कॅन्सर होत नाही. पण ज्या वाफेने ते पडलं, तीच इतकी वर्षं फुप्फुसात जातेय. त्या वाफेतलं सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे हेक्साव्हॅलंट हे क्रोमियमचं विषारी रूप, माणसात फुप्फुसाचा कॅन्सर करतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९० मध्येच पहिल्या गटात टाकून मान्य केलंय. म्हणून छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी करा. लघवीतलं क्रोमियम आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, काम संपल्यावर तपासायचं, कारण ते अलीकडचाच संपर्क दाखवतं. बिडी-सिगारेट असेल तर आजच बंद. आणि केसपेपरवर 'क्रोम प्लेटिंग, २३ वर्षं' असं लिहून घ्याच. पुढे सगळं त्यावर अवलंबून असतं.

जुना_प्लेटर:

पोरी, मी ३० वर्षं याच कामात होतो. क्रोमच्या टाकीत जॉबवर, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूवर, क्रोम चढायला विजेचा साधारण पाचवा भागच लागतो. बाकीची बहुतेक वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जाते. तो प्रत्येक बुडबुडा वर येऊन फुटतो आणि क्रोमिक ॲसिडचे बारीक थेंब उडवतो. बाबांच्या नाकात तेच जातात. भिंतीतला पंखा ते थेंब आधी माणसाच्या तोंडासमोरून नेतो, मग बाहेर. हवा ओढून घेणारी सोय टाकीच्या काठालाच हवी. पाण्यावर प्लॅस्टिकचे गोळे तरंगत ठेवले आणि फेस धरणारं रसायन घातलं तरी उडणं पुष्कळ कमी होतं. हा खर्च शेठला जड नाही. कपडे गाळ्यातच बदलायचे, वेगळे धुवायचे, बाळाच्या बादलीत कधीच नाही.

बोअरचं पाणी काचेच्या ग्लासात रात्रभर ठेव. लोह असेल तर तांबूस गाळ बसेल. लिंबासारखं पिवळं आणि नितळच राहिलं तर क्रोमचा संशय घे. डोळ्यांना पिवळं दिसायला लिटरला साधारण १ मिलिग्रॅम लागतं, आणि पिण्याच्या पाण्यातली आपली मर्यादा ०.०५ आहे. उकळून क्रोम जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. प्रयोगशाळेत एकूण आणि हेक्साव्हॅलंट असं दोन्ही तपासायला सांग. नाल्यात सोडायच्या पाण्यालाही हेक्साव्हॅलंटची मर्यादा ०.१ आहे. आधी सोडियम मेटाबायसल्फाइटने ते तीन-संयुजी, म्हणजे कमी विषारी करायचं, मग चुन्याने खाली बसवायचं, आणि तो गाळ तळोज्याला घातक कचरा म्हणून जायला हवा. गटारात ओतणं म्हणजे गुन्हा.

कामगार_साथी:

क्रोममुळे झालेला व्रण आणि त्याचे परिणाम हे कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातले नोंदवायचे आजार होते, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहेत. ज्या डॉक्टरांना तो दिसतो, त्यांनीच सरकारला कळवायचं असतं. म्हणजे तक्रारदार तुमचे बाबा ठरत नाहीत, भीती थोडी कमी होईल. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे काम बघतं. बाबांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जातो का ते पाहा. कापला जात असेल तर क्रोमियमचे आजार त्यांच्या यादीतही आहेत.

हवेतल्या हेक्साव्हॅलंटची मर्यादा आपल्या कारखाना कायद्यात घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम होती, अमेरिकेत २००६ पासून तिचा दहावा भाग. मला याची चीड येते. आपल्या माणसाचं फुप्फुस काही दहापट जाड नाही.

कुर्लेकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं बुडबुड्यांचं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "टाकी चालू केली की घशात आधी गोडसर लागतं, मग खवखवतं. बरोबर सांगतोय तो." ईएसआय कापतात, पावती सापडली. ग्लास खिडकीत ठेवलाय, पाणी अजून नितळ पिवळंच आहे, उद्या नमुना देते.

गाळ्यात आणखी तिघांच्या नाकात शिट्टी वाजते म्हणे. बाबा म्हणतात, एकटा नाही जाणार, आम्ही चौघं मिळून सोमवारी जातो. कामगार_साथी दादा, चौघांचे केसपेपर वेगवेगळे करावे लागतील हे कळलं, पण संचालनालयाकडे अर्ज चौघांचा मिळून एकच चालेल का?