मानाचे कडक नियम असलेली योद्ध्यांची टोळी: धोका खरा कसा वाटेल?

शाईवाला:
कादंबरीतल्या टोळीत 400 लढवय्ये आहेत. अपमान झाला की तीन दिवसांत द्वंद्व, तेही एक जण मरेपर्यंत. नकार दिला तर अख्ख्या घराण्याचा मान जातो. वाचणारे म्हणतात, नियम भारी आहे, पण त्याची भीती वाटत नाही. काय बदलू?

दुर्गवेडा:
आधी हिशेब करा. महिन्याला दोन द्वंद्वं धरली तरी वर्षाला 24 मुडदे, म्हणजे सहा टक्के, आणि सगळे ऐन उमेदीतले. जिंकलेल्यांच्या जखमा चिघळतात ते वेगळंच. अशी टोळी फार काळ टिकणार नाही. म्हणूनच खऱ्या समाजांनी सुटकेची वाट नियमातच ठेवली होती. उत्तर अल्बानियाच्या डोंगरी कानूनात खुनाचा सूड घ्यायचाच, पण 'बेसा', म्हणजे शब्द देऊन केलेला तह, चालू असेपर्यंत मारेकऱ्याला हात लावायचा नाही. जुन्या इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन लोकांत दर्जानुसार माणसाच्या जिवाची किंमत ठरलेली असे. ती भरली की वैर मिटायचं. तुमच्याकडेही भरपाई ठेवा. मग ती घेणाऱ्याला भेकड म्हणायला लोक कधी लागले, ते दाखवा.

पडछाया:
माझ्या मते द्वंद्वापेक्षा रणांगणावर जास्त पानं खर्च करा. 1415 साली फ्रान्समधल्या आझँकूरला, इंग्रजांविरुद्धच्या लढाईत, फ्रेंच सरदारांना पहिल्या फळीतच जागा हवी होती. त्यांचे तिरंदाज मागे ढकलले गेले आणि चिखलात इतकी दाटी झाली की हत्यार उगारायलाही जागा उरली नाही. तुमच्या टोळीतला टेहळ्या "शत्रू दुप्पट आहे" हे सांगणारच नाही, कारण त्याच्यावर भेकडपणाचा शिक्का बसेल. सेनापतीही माघारीचा हुकूम देणार नाही. शत्रूला हे ठाऊक असेल तर तो नुसती एक शिवी पाठवून फौज हव्या त्या दरीत उतरवेल. हा प्रसंग लिहाच!

शाईवाला:
मग नायकाने नियम मोडावा का?

दुर्गवेडा:
नको, दोन नियम एकमेकांसमोर उभे करा. 1701 मध्ये जपानमधल्या एदोच्या (आजचं टोकियो) किल्ल्यात आसानो या सरदाराने किरा या दरबारी अधिकाऱ्यावर हत्यार उपसलं. आसानोला त्याच दिवशी सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करावी लागली, किराला शिक्षाच नाही. धन्याशी निष्ठा म्हणजे सूड, शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाचा, कायदा म्हणजे शांतता. आसानोच्या चाकरांनी 1703 मध्ये किराला मारलं आणि त्यांच्यापैकी 46 जणांना सेप्पुकूची शिक्षा झाली. तुमच्या नायकाने पाहुण्याला अभय दिलंय आणि तोच पाहुणा त्याच्या भावाचा अपमान करतो, असं काही जुळवा.

पडछाया:
आणि "हा अपमान आहे" हे ठरवायचा हक्क कोणाचा, ते पहिल्याच प्रकरणात सांगा. वृद्ध पंचांकडचा तो हक्क सरदाराने स्वतःकडे घेतला, की नको असलेला कुणीही तीन दिवसांत संपवता येतो.